साबिकीच्या सहा गळांचा गुंता: घरच्या घरी काय करून ठेवता?

पाइपवाला (रत्नागिरी)

मंडळी, नमस्कार. प्रश्न छोटा आहे, पण मी तो लांबलचक सांगणार आहे. घरात ऐकणारं कोणी उरलेलं नाही.

मी मूळचा कराडचा. गळ टाकायला शिकलो तो प्रीतिसंगमावर. एक दोरी, एक गळ, कणकेची गोळी, संपलं. घरी आल्यावर दोरी काडीला गुंडाळायची आणि खुंटीला लावायची. चार वर्षांपूर्वी नळपाणी योजनेच्या कामावर रत्नागिरीला आलो आणि समुद्राची चटक लागली. मिऱ्याच्या बाजूला एक होडीवाले ओळखीचे झालेत. पाऊस सरून पाणी निवळलं की रविवारी पहाटे आम्ही दोघं निघतो. सुरमईसाठी जिवंत बांगडा लागतो, आणि बांगड्यासाठी साबिकी.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: साबिकी ही जपानी पद्धतीची तयार दोरी. मधल्या तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, सहा फाटे, प्रत्येक फाट्याला नखाएवढा गळ, गळावर माशाच्या कातडीची चकचकीत चिंधी आणि डोळ्यासारखा हिरवा मणी. वरच्या टोकाला स्विव्हल (पीळ पडू नये म्हणून फिरणारी कडी), खालच्या टोकाला शिसं अडकवायची क्लिप. आमिष लावायचं नाही. शिसं खाली सोडून हात वरखाली करत राहायचं. बांगड्याला, तारलीला ती बारीक पिल्लं वाटतात. थवा खाली असला तर एका खेपेला चार-चार येतात, आणि चार बांगडे एकदम थरथरले की हाताला जे कळतं ते मी लिहू शकत नाही.

अडचण अशी की ही दोरी पाकिटातून एकदाच नीट निघते. परत नीट ठेवायची सोय तिच्या बापाने केलेली नाही.

आजवर काय काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा पाकिटातल्या त्याच पुठ्ठ्यावर परत गुंडाळली. ओल्या दोरीने पुठ्ठा मऊ पडला, खाचा फाटल्या. मग पाण्याच्या बाटलीवर गुंडाळून चिकटपट्टी मारली. गळ रुतायला जागाच नाही, सगळे घसरून एका बाजूला आले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. मग टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल. महिनाभर बरा चालला. नंतर त्याचे दाणे सुटून होडीभर, तिथून पाण्यात. होडीवाल्यांनी मला जे सुनावलं ते योग्यच होतं.

शेवटी म्हटलं, आपण पाइपातली माणसं, पाइपच वापरू. कामावरचा ११० मिमीचा तुकडा पडला होता. हातभर कापला, वर एसीच्या नळीला लावतात तो काळा फोम उभा चिरून चिकटवला. एकेका पाइपावर तीन-तीन साबिक्या गुंडाळल्या. फोममध्ये गळ झकास बसतात, पण सहाच्या सहा गळ सहा दिशांना. तीन दोऱ्यांचे मिळून अठरा. वस्तू दिसते साळिंदरासारखी आणि पिशवीत हात घातला की वागतेही तशीच.

मागच्या रविवारी काय झालं ते ऐका. पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्यापासून थोडं आत आम्ही होतो. पाण्यावर बांगड्याचा थवा उकळी फुटल्यासारखा खदखदत होता. असं रोज दिसत नाही. मी घाईत साळिंदर बाहेर काढलं. एक गळ माझ्या बाहीत, दुसरा होडीवाल्यांच्या बाहीत. आम्ही दोघं एकाच दोरीला, हात जोडल्यासारखे, समोरासमोर बसलेले. मी ओढलं की ते ओरडत, त्यांनी ओढलं की मी. कात्री पिशवीत, पिशवी तिसऱ्या गळाला. वीस मिनिटं गेली. तोवर थवा कुठल्या कुठे.

घरी आल्यावर त्यातलाच एक सुटा गळ सासूबाईंच्या शालीत सापडला. तो मी आत्तापर्यंत तरी माझा असल्याचं कबूल केलेलं नाही.

तर विचारायचं हे:

तुम्ही कशावर गुंडाळता? विकतचं नको, घरात किंवा भंगारात मिळेल असं सांगा. ठेवण्याआधी धुता का, आणि गंजाचं काय करता? आणि एक साबिकी किती वेळा वापरता? मी आणतो ते पाकीट १२० रुपयांना पडतं. महिन्याला चार गेली तर घरात हिशेब द्यावा लागतो.

---

देवगडचो म्हातारो

बाबा, तुझा सगळा वाचलंय. हसान हसान पोटात दुखला.

माझो आजो गरवूक जायचो तेव्हा ही साबिकी नव्हती. कोंबड्याचा पांढरा पीस गरयेक बांधायचो, बांगडो तेकाच गावायचो. आणि दोरी गुंडाळूक काय होता? माडाचो पिडो! झावळाचो खालचो रुंद भाग. सुकलो की हलको होता, गरी तेच्यात रुतता आणि ओढली की सुटता पण. फुकटचो. फाटलो की चुलीत.

आता मी काय करतंय सांगतंय. जुनी रबरी चप्पल घेतंय. पट्टो काढून टाकतंय. टाचेकडसून उभी कापून दोन फाळके करतंय. दोनय टोकांक कातरीन खाचो मारतंय, दोरी उभी गुंडाळतंय, गरी कडेच्या रबरात रुतवतंय. पाण्यात पडली तरी तरंगता, ता सगळ्यात महत्त्वाचा. तुझो पाइप पडलो तर गेलो तळाक.

एकच सांगतंय. चप्पल जुनी झाली की नाय ता तू ठरव नको. घरकारणीक विचार. माझ्या घरात एकदा चुकीची चप्पल कापली गेली, तेचा अजून आयकतंय.

---

दोनच_वेळा

एवढा खटाटोप कशाला? साबिकी ही एकदा वापरायची वस्तू आहे. दोन वेळा वापरली की गळ बोथट, चिंध्या कुरतडलेल्या, फाटे पिळलेले. बांगडा असतो तेव्हा तो कशालाही लागतो, पण थवा पातळ असला की जुन्या दोरीला बघून निघून जातो. कापा आणि टाका. वेळेची किंमत करा की.

---

मुरूडकरीण

"कापा आणि टाका" म्हणजे कुठे टाका? होडीतून? तंगूस कुजत नाही. बाबांबरोबर मी लहानपणापासून जाते, आणि खडकात अडकलेल्या दुसऱ्यांच्या दोऱ्यांनी आमच्या जितक्या दोऱ्या खाल्ल्यात तितक्या माशांनी तोडलेल्या नाहीत. टाकायचीच असेल तर गळ पक्कडीने मोडून, बरणीत भरून घरी आणावी. झालं. आता पाइपवाले दादांच्या प्रश्नाकडे येते.

मी शिवणकाम करते, त्यामुळे माझा जीव गुंडाळण्यात. रिळाचा दोरा गुंतत नाही आणि साबिकी गुंतते, कारण दोऱ्याला फाटे नसतात. फाटा मोकळा लोंबला की तो शेजारच्या वेढ्याखाली शिरतो, आणि खरी गाठ तिथे पडते. तेव्हा दोन गोष्टी: फाटा ज्या दिशेला गुंडाळताय त्याच दिशेला मुख्य दोरीला चिकटून आडवा गेला पाहिजे, आणि गळाचं टोक तिथल्या तिथे रुतलं पाहिजे. दोरी ताठ हवी, पण ओढून ताणलेली नको. ताणून ठेवलेलं तंगूस स्प्रिंगसारखं वेटोळं धरतं, मग पाण्यात फाटे मुख्य दोरीलाच मिठी मारतात. धरलंच असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा, बऱ्यापैकी सरळ होतं. उकळतं पाणी नको.

धुण्याबद्दल. धुवायचंच, आणि त्याच दिवशी. घरी आल्यावर आधी अंघोळ आणि मग दोरी असं करणाऱ्यांच्या गळाला गंज चढणारच. मी बादलीत साधं पाणी घेऊन दोरी तशीच गुंडाळीसकट बुडवते, दोनदा पाणी बदलते. ब्रश लावू नका, कातडीची चिंधी निघून येते. मग सोडवून सावलीत दोरीवर, कपड्यांच्या चिमट्याला. उन्हात नाही. उन्हात कातडी पापडासारखी होते आणि तंगूसही कमजोर पडतं. वाळत घातलेली असताना मांजराला घरात कोंडायचं, हा आमच्याकडचा नियम आहे. आणि तो एका फार वाईट संध्याकाळीनंतर झालाय. मांजर वाचलं.

ओली दोरी कोरड्या दोऱ्यांच्या डब्यात कधीही ठेवायची नाही. माझे श्रीखंडाचे दोन डबे आहेत. एकावर "कोरडे", एकावर "आजचे". एका ओल्या साबिकीने पाच न वापरलेल्या साबिक्या गंजवलेल्या मी पाहिल्यात, झाकण बंद असलं की आत दमट भट्टी होते. नव्या चपलांच्या खोक्यात ती बारीक पुडी असते ना, ओल शोषणारी, ती टाकायची नाही, कोरड्यांच्या डब्यात ठेवायची.

आणि वरून झाकण हवं. टेबलावर घालतात ते जाड पारदर्शक प्लास्टिक मीटरवर मिळतं. त्याची पट्टी कापून गुंडाळीभोवती लपेटायची, वर इलॅस्टिक. कोणती दोरी आहे तेही दिसतं आणि बाहीही वाचते.

आता दादा, एक विचारते. तुमचे गळ सहा दिशांना का जातात, याचा विचार केलात का? तुमच्या साबिकीत एका गळापासून दुसऱ्या गळापर्यंत अंतर किती? शिवणाच्या टेपने मोजा आणि मग तुमच्या पाइपाचा घेर मोजा. पुढचं तुम्हीच ओळखाल, तुम्ही पाइपातले.

---

मस्कतकर

मूळ गाव दापोली, गेली अकरा वर्षं मस्कत. इथे किनाऱ्यावर संध्याकाळी बघाल तर दर दहा पावलांवर एक साबिकी. तारल्यांचा थवा आला की सगळे एकदम ओरडतात, कोणत्या भाषेत ते विचारू नका.

देवगडच्या काकांची चप्पल आणि जपानी लोकांची विकतची युक्ती यांत तत्त्वाचा फरक नाही. जपानी दुकानांत फोमच्या खाचा पाडलेल्या पाट्या मिळतात, 'शिकाके-माकी' म्हणतात त्याला. माझ्याकडे दोन आहेत. मी त्या बघून मुलांच्या खेळण्याच्या जमिनीवर पसरायच्या फोमच्या चटईतून, तीच ती अक्षरांची, आयताकार तुकडे कापले. 'क्ष' आणि 'ज्ञ' तसेही मुलं वापरत नव्हती. लांबी वीतभर, रुंदी चार बोटं. कडेला ब्लेडने खाचा. अजून चालतात.

अमेरिकेत तर यासाठी वेगळी काठीच असते, आतून पोकळ. टोकाला तोंड कर्ण्यासारखं. दोरी रिळावर ओढली की सगळे गळ काठीच्या पोटात जातात, बाहेर फक्त शिसं राहतं. फ्लोरिडाहून आलेल्या एका सहकाऱ्याने दाखवली होती. मी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने बायकोने मला पाहिलं, आणि विषय संपला.

कामाचा मुद्दा एकच सांगतो, कारण वर कोणी बोललं नाही. गुंडाळायला सुरुवात खालच्या टोकापासून करा, म्हणजे शिशाच्या क्लिपपासून. स्विव्हलचं टोक शेवटी, सगळ्यात वर आलं पाहिजे. वापरताना आधी तेच हाताला लागतं. ते काठीच्या दोरीला जोडायचं, काठी उभी करायची, आणि खालून गुंडाळी फिरवत एकेक गळ सोडायचा. सगळ्यात शेवटी क्लिप, मग शिसं. उलटं गुंडाळलंत तर शिसं आधी लावायचा मोह होतो. होडी हलली, शिसं सुटलं, की उरलेले पाच गळ वाटेत जे भेटेल त्याला घेऊन खाली जातात. माझ्या बाबतीत ती पँट होती.

बाकी शिसं लावलेली साबिकी काठीवर तशीच ठेवून गाडीत घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

---

पाइपवाला (रत्नागिरी)

काका, ताई, मस्कतकर, सगळ्यांना दंडवत. दोन रविवार गेले, आता हिशेब देतो.

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. दिवसभर पाइपांचे घेर काढतो आणि स्वतःच्या दोरीचं अंतर कधी मोजलं नाही. मोजलं. गळ ते गळ बरोबर २० सेंटीमीटर. माझ्या ११० मिमीच्या पाइपाचा घेर साडेचौतीस सेंटीमीटर. म्हणजे प्रत्येक गळ आधीच्या गळाच्या पुढे अर्ध्याहून जास्त फेरा जाऊन बसणार. साळिंदर होणार नाही तर काय होणार!

घेर २० च्या आसपास हवा असेल तर व्यास साधारण ६३ ते ६४ मिमी. आणि ६३ मिमीचा पाइप तर आमच्या गोदामात ढिगाने पडलेला असतो, शेतकरी ठिबकच्या मेनलाइनला नेतात तो. ६३ गुणिले ३.१४, घेर १९.८. दर फेऱ्याला दोन मिलिमीटरचा फरक, सहाव्या गळापर्यंत एक सेंटीमीटर. एवढं चालतं. सगळे गळ एका रांगेत, पाइपाच्या एकाच बाजूला. पाठीकडून बिनधास्त हात घाला.

ज्यांच्या दोरीत अंतर वेगळं असेल त्यांच्यासाठी माझ्याकडचे आकडे: ५० मिमीच्या पाइपाचा घेर १५.७ सेंमी, ७५ चा साडेतेवीस, ९० चा सव्वाअठ्ठावीस. हे बाहेरच्या व्यासावरून आहे. मिमीत विकतात त्या पीव्हीसी पाइपाचं माप बाहेरूनच सांगतात, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाशी गल्लत करू नका, तिथे इंचाचा आकडा आणि खरा व्यास यांचं जमत नाही.

आता गळ रुतवायचे कशात? इथे काका आले. जुनी चप्पल घेतली (विचारून घेतली, काका, विचारून), बोटभर रुंद पट्टी कापली आणि चांभाराच्या सोल्यूशनने पाइपावर उभी चिकटवली. मोठ्या ऐटीत दोरी गुंडाळली आणि गळ पुन्हा सरकले! दर वेढ्याला सव्वा सेंटीमीटरभर मागे. रात्री अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर कळलं: पट्टी बारा मिलिमीटर जाड, दोरी तिच्यावरून चढून उतरते, म्हणजे घेर वाढला. सहाव्या गळापर्यंत सहा सेंटीमीटर हुकतात. पाइपाच्या धंद्यात वीस वर्षं काढून हे माझ्या आधी बायकोच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "पट्टी वर कशाला, आत बसव ना."

म्हणून दुसरा तुकडा घेतला. लांबी पंधरा सेंटीमीटर. अँगल ग्राइंडर नाही, हॅक्सॉ ब्लेडनेच एक उभी फट कापली, बारा मिमी रुंद, दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटीमीटर सोडून. आधी ड्रिलने टोकांना भोकं पाडली म्हणजे ब्लेड आत जातं. चपलेची पट्टी आतून दाबून बसवली, वरचा भाग पाइपाच्या पाठीशी समतल. सोल्यूशन फक्त कडांना. कडा पॉलिशपेपरने गुळगुळीत करणं आवश्यक आहे, नाहीतर पीव्हीसीची कच तंगूस कापते. एका टोकाला छोटी खाच, तिच्यात क्लिप अडकते, तिथून सुरुवात. खालचा पाव मीटर, मग पहिला गळ पट्टीत, एक फेरा, दुसरा गळ, असं करत सहावा. वरचा शेपूट गुंडाळून स्विव्हल दुसऱ्या टोकाच्या खाचेत. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली रिंग. वेढे साडेसात होतात, हात बसल्यावर दीड मिनिट लागतं.

फेरे दीड-दीड सेंटीमीटर अंतरावर बसवले, कारण जवळ घेतले की एका गळाची चिंधी दुसऱ्याच्या टोकाला लागते. एका पाइपावर एकच साबिकी. तीन ठेवायचा हावरटपणा सोडला.

पाण्यात पडला तर? काकांचं म्हणणं खरं, पीव्हीसी बुडतं. म्हणून दोन्ही तोंडांत तोच काळा एसीचा फोम कोंबला. बादलीत टाकून पाहिलं, तरंगतो. चपलेची बाजू वर येते, खाली गळ नाहीत, हे निव्वळ नशीब, मी ठरवून केलेलं नाही.

झाकणाला ताईंचं प्लास्टिक. बाजारात टेबलक्लॉथ अर्धा मीटर मागितला तर दुकानदार म्हणाला, एवढंसं टेबल आहे का? आता सहा पाइप तयार आहेत. प्लास्टिकच्या आत कागदाची चिठ्ठी: गळाचा नंबर, किती वेळा वापरली, धुतली की नाही. हे शेवटचं फार कामाला येतं, कारण दमून आल्यावर माणूस स्वतःशी खोटं बोलतो.

दोनच_वेळा साहेब, तुमचं अर्धं पटलं. चिंधी गेली की मासा कमी लागतो हे मीही पाहिलं. माझी एक साबिकी आता चौथ्या खेपेला आहे, कारण धुतली आहे आणि गळाची टोकं रबरात राहिल्याने बोथट झालेली नाहीत. नखावर टोक टेकवून ओढायचं. रुतलं तर ठीक, घसरलं तर ती दोरी बाद, पक्कडीने मोडून बरणीत. आधी बाटलीवर गुंडाळायचो तेव्हा टोकं प्लास्टिकवर घासूनच मरत होती, हे आता कळतंय.

एकच गोष्ट सुटलेली नाही. माझ्याकडे दुसऱ्या बनावटीची एक साबिकी आहे, मोठ्या गळांची, आठ फाट्यांची. तिच्यात गळांमधलं अंतर सारखं नाही, कुठे सतरा, कुठे एकोणीस. तिच्यासाठी कोणताच पाइप बसत नाही. ती काकांच्या पद्धतीने चपलेवर ठेवली आहे. कुणाकडे उपाय असेल तर सांगा.

---

मुरूडकरीण

तिला चप्पलच बरी. किंवा अंतर असमान असेल तर पट्टी रुंद घ्या, एक बोट नाही, चार बोटं. घेर जुळवण्याऐवजी रुतायला जागा वाढवायची. शिवणात याला आम्ही माया ठेवणं म्हणतो.

आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.

---

देवगडचो म्हातारो

पाइप केलंस, फट मारलंस, फोम भरलंस, चिठी लावलंस. बरा केलंस. पण एवढा मोठा लिवलंस तेच्यात बांगडे किती गावले ता खंयच दिसना नाय.

---

पाइपवाला (रत्नागिरी)

काका, पहिल्या रविवारी एकही नाही. थवाच नव्हता, वारा उलटा. काल पाच. दोन जिवंत ठेवले, सुरमईला लावले, सुरमई आली नाही. तीन घरी. तिखलं केलं.

शालीचंही कबूल केलं.